बारा पिसांची जुडी

चंद्र उतरणीला लागला की पिसं काढायची,
ही बाबांची रीत.
मी म्हणते, थंडी कमी झाली की.
लेओनच्या या डोंगरात दोन्हीसाठी थांबावं लागतं.

कोंबडा मांडीवर. डोकं माझ्या कोपराखाली.
तान्ह्याला धरतात तसं नाही,
चोराला धरतात तसंही नाही,
मधलंच काहीतरी.
पाठीवरचं एक पीस, एक हिसका.
तो ओरडत नाही, नुसता डोळा मिटतो
आणि उघडतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही.

पीस खिडकीशी धरायचं.
करडं म्हणावं तर मधासारखं,
मध म्हणावं तर नदीतल्या ओल्या गोट्यासारखं.
गावात या रंगांना इतकी नावं आहेत
की दोन म्हाताऱ्या एका पिसावरून
महिनाभर अबोला धरू शकतात.
हेच कोंबडे घाट ओलांडून नेले
तर दुसऱ्या पिसाऱ्यात चकाकी जाते.
कुणी म्हणतं पाणी, कुणी म्हणतं मातीतलं लोखंड.
बाबा म्हणतात, करमत नाही त्यांना.

बारा पिसांची एक जुडी, देठाशी दोरा.
आज्यानं बांधली तशी, त्याच्या आज्यानं बांधली तशी.
मोजताना मी बोलत नाही.
तेराव्या पिसाला गिऱ्हाईक नसतं.

बाबांना आता दिसत नाही.
तरी गळ चिमट्यात लावून दिला
की बोटं आपापली कामाला लागतात:
मेणाचं रेशीम, पिवळ्या धाग्याचं पोट,
मग पिसाचे तंतू, गळ्याभोवती गोल,
एक दुपार जगणाऱ्या माशीचे पाय.
ट्राउट हुशार असते. तिला फसवायचं
तर खोटं मन लावून करावं लागतं,
असं तेच मला शिकवायचे.

काल त्यांची परीक्षा घेतली.
दुकानातलं पाकिटातलं पीस हातात दिलं.
ओठांवरून फिरवलं, आणि म्हणाले,
“हा कोंबडा नळाचं पाणी प्यायलेला आहे.”
मी हसले. दुसरं दिलं. “धाकटा, डावी बाजू.”
तिसरं. “हे ओलं असताना काढलंस, ओनोरिना.”
मग खणात हात गेला माझा, तळाशी,
जुन्या जुडीतलं एक.

हे ओठांशी नेलं नाही त्यांनी.
दोन बोटांत धरून बसले.
चुलीतलं लाकूड एकदा कोसळलं.
“हा नोटरी.”

नोटरी आमचा सगळ्यांत भारी कोंबडा.
चालायचा तसा, म्हणून नाव.
तीन वर्षांपूर्वी त्याला कोल्ह्यानं नेलं,
असं मी सांगितलं होतं.
खुराड्याची जाळीसुद्धा फाडली होती मी, कात्रीनं,
हात लावून बघतील म्हणून.

“कोल्हा,” बाबा म्हणाले,
“पिसं मोजून दोऱ्यात बांधून ठेवत नाही.”

मग मी सांगितलं. बिल्बाओचा व्यापारी,
त्याची हिरवी गाडी, भोकं पाडलेलं खोकं.
“किती दिले?”
“डोळ्यांच्या ऑपरेशनला पुरतील इतके.”
“आणि ऑपरेशननं काय दिलं?”
ते हसले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत.
मला हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर हात पुढे केला:
बारीक गळ दे. सगळ्यांत बारीक.
नोटरीचं पीस त्यांनी उलटं फिरवलं,
एकेक तंतू नखानं मोकळा केला,
आणि गाठ मारायच्या आधी
माझ्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून विचारलं,
“तिकडे बिल्बाओला
त्याला करमतं का गं?”

मी दोऱ्याला मेण लावत राहिले,
लावून झालं होतं तरी.